पहिल्या बर्फावर तिकीट काढू नका: मराठवाड्यातून पहिल्यांदा स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी

२०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको गुलमर्गला गेलो. टॅक्सीतून उतरले आणि समोर बघितलं तर तपकिरी गवत, आपल्याकडं उन्हाळ्याच्या तोंडावर माळरान दिसतं ना तसंच. त्या वर्षी जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, बर्फ पडला तो महिना संपता संपता आणि फेब्रुवारीत, तोवर आम्ही सेलूला परत येऊन कामाला लागलो होतो. पॅकेज देणाऱ्यानं "जानेवारी म्हणजे फुल बर्फ, डोळे झाकून या" असं सांगितलं होतं आणि आम्ही खरंच डोळे झाकून गेलो, सहा महिने साठवलेले पैसे गेले, स्कीला हातसुद्धा लागला नाही.

घरी आल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एवढंच विचारलं, "तारीख बघून गेलात का आभाळ बघून?" शेतकरी माणूस, मृग ७ जूनला लागतो म्हणून ७ जूनला पेरत नाही. पहिला पाऊस झाला म्हणूनही पेरत नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल गेली, वाफसा आला की मग तिफण काढतो, नाहीतर दुबार पेरणी ठरलेली. बर्फाचं अगदी तसंच आहे हे मला तेव्हा समजलं. मग वर्षभर हवामान बघायला शिकले आणि २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नांदेडच्या मावसबहिणीला घेऊन परत गेले, या वेळी स्की शिकूनच आले. काय काय बघायचं, काय न्यायचं, कुठं फसायला होतं ते सगळं खाली लिहिलंय, म्हणजे तुमची तरी दुबार पेरणी टळेल.

१. आधी जागा ठरवा

नवशिक्यासाठी आपल्या देशात मुख्य तीन पर्याय आहेत.

गुलमर्ग (काश्मीर): उंची साधारण २६५० मीटर. गोंडोला म्हणजे रोपवे दोन टप्प्यांत आहे, पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगरावर साधारण ३९५० मीटरपर्यंत. शिकणाऱ्यांसाठी खाली गोल्फ कोर्सच्या बाजूला सोपे उतार आहेत. तुम्हाला पहिले तीन-चार दिवस तिथंच काढायचेत, दुसऱ्या टप्प्याचं स्वप्न बघू नका.

औली (उत्तराखंड): जोशीमठच्या वर, २५०० ते ३०५० मीटर. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद पडला, त्यामुळं रस्त्यानं वर जायची तयारी ठेवूनच निघा. ऋषिकेशपासून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, सगळा घाट.

सोलंग (मनालीजवळ): पोचायला सोपं पण गर्दी फार आणि उंची २५०० च्या आसपास, त्यामुळं बर्फ टिकतो कमी. एक दिवस बर्फात खेळायचं असेल तर ठीक. नीट शिकायचं असेल तर मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा कोर्स बघा, तो चांगला.

गुलमर्गलाही केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि माउंटेनिअरिंगची संस्था आहे. सरकारी कोर्सच्या जागा लवकर भरतात, दिवाळी झाली की चौकशीला लागा. आम्हाला जागा मिळाली नाही म्हणून आम्ही खासगी इन्स्ट्रक्टर घेतला.

पुढचं सगळं गुलमर्ग धरून लिहितेय, पण हवामानाचा भाग तिन्हीकडं लागू पडतो.

२. तारीख धरू नका, पंधरवडा धरा

काश्मिरी लोक हिवाळ्याची स्वतःची मोजणी करतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलां, म्हणजे कडाक्याची थंडी. मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. आमच्या टॅक्सीवाल्या चाचांनी हे आपल्याकडं रोहिणी-मृग-आर्द्रा सांगावं तसं बोटांवर मोजून सांगितलं. चिल्लई कलांमध्ये पडलेला बर्फ कोरडा असतो आणि थंडीमुळं टिकतो, त्यानंतरचा ओलसर आणि लवकर वितळणारा. पण हा झाला नेहमीचा हिशोब. २०२५ मध्ये गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीपासून ठरल्या होत्या, बर्फच नाही म्हणून पुढं ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्चला झाल्या. एवढ्या मोठ्या स्पर्धेची जर ही गत तर आपल्या पॅकेजचं काय घेऊन बसलात.

म्हणून नवशिक्यांनी जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा या काळातला एखादा पंधरवडा मोकळा ठेवावा, ऑफिसात साहेबांना "या पंधरवड्यात कधीतरी पाच-सहा दिवस लागतील" असं आधी सांगून ठेवावं आणि प्रत्यक्ष तारीख आठ-दहा दिवस आधी पक्की करावी. डिसेंबरच्या सुट्ट्या आणि ३१ डिसेंबर टाळाच, गर्दी, दुप्पट भाव आणि बर्फाची खात्री सगळ्यात कमी.

३. आभाळ वाचायला शिका

हाच खरा मुद्दा आहे, त्यामुळं इथं जरा वेळ काढून वाचा.

उत्तरेत हिवाळ्यात जो बर्फ पडतो तो आपल्या मान्सूनचा नाही. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र त्या बाजूला कमी दाबाची प्रणाली तयार होते आणि वरच्या थरातल्या पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत हिमालयाला येऊन धडकते. यालाच वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात, आपल्या पेपरात पश्चिमी चक्रावात म्हणून येतं. एका हिवाळ्यात असे बरेच येतात, पण सगळे सारखे नसतात, काही नुसते ढग दाखवून जातात आणि एखादा तीन दिवस झोडपतो.

आणि हे आपल्या ओळखीचंच आहे बरं का. डिसेंबर-जानेवारीत कधी परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, आणि कधी मध्येच थंडी गायब होऊन ढगाळ होतं, असं का होतं कधी विचार केलाय? चक्रावात तिकडं पोचलेला असतो तेव्हा बऱ्याचदा आपल्याकडं ढग येतात आणि रात्रीचं तापमान वाढतं, तो पुढं सरकला की आभाळ मोकळं होतं आणि उत्तरेकडून कोरडं थंड वारं खाली येतं, मग आपण शेकोट्या पेटवतो. फेब्रुवारी-मार्चमधल्या आपल्या गारपिटीतही या चक्रावातांचा हात असतो. म्हणजे सेलूत बसूनसुद्धा वरचा थोडाफार अंदाज लागतो. मी दोन हिवाळे वहीत लिहून बघितलंय, प्रत्येक वेळी जुळत नाही पण बऱ्याचदा जुळतं.

मी काय बघते ते क्रमानं सांगते.

पंधरा दिवस आधी: हवामान खात्याचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो, त्यात पुढच्या आठवड्यांत उत्तरेत पाऊस-बर्फ सरासरीपेक्षा जास्त का कमी एवढं कळतं. यावर तिकीट काढायचं नाही, फक्त कान टवकारायचे.

सात दिवस आधी: श्रीनगर हवामान केंद्राचा रोजचा अंदाज बघायला लागा. यलो, ऑरेंज, रेड हे इशारे आपल्याकडच्यासारखेच. ऑरेंज बघून घाबरून जाऊ नका, स्कीइंगला जाणाऱ्याला तोच बर्फ पाहिजे असतो, फक्त त्या दिवशी प्रवासात असू नका.

तीन दिवस आधी: उपग्रहाचा फोटो. इराण-अफगाणिस्तानवर पांढऱ्या ढगांचा पट्टा पूर्वेकडं सरकताना दिसला की दोन-तीन दिवसांत तो काश्मीरवर येतो.

आता आकड्यांमधली गोम. मोबाईलवरचं ॲप बऱ्याचदा श्रीनगरचं तापमान दाखवतं आणि श्रीनगर आहे साधारण १५८५ मीटरवर. गुलमर्ग त्याच्याहून हजार मीटर वर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. म्हणजे श्रीनगरला ४ अंश आणि पाऊस दाखवत असेल तर गुलमर्गला उणे ३ च्या आसपास, म्हणजे तिथं बर्फ, आणि अफरवटच्या माथ्यावर उणे ११ च्या घरात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं "श्रीनगरला पाऊस दाखवतोय" म्हणून ट्रिप रद्द केली होती आणि नेमका त्याच दिवशी वर फूटभर बर्फ पडला. पण एक लक्षात ठेवा, हा हिशोब ढगाळ हवेत चालतो. मोकळ्या आभाळाच्या रात्री जड थंड हवा खोऱ्यात खाली साचते, मग श्रीनगर आणि गुलमर्गच्या थंडीत फारसा फरक राहत नाही, तेव्हा वजाबाकी करत बसू नका.

दुसरी गोम मिलिमीटरची. अंदाजात "२० मिमी" लिहिलेलं असतं ते पाण्याचं माप. १ मिमी पाणी म्हणजे साधारण १ सेंटीमीटर ताजा बर्फ, थंडी जास्त असली तर थोडा जास्तच. म्हणजे २० मिमी हा आकडा आपल्याकडं किरकोळ वाटतो पण तिथं तो पाऊण फुटाच्या आसपास जातो.

तिसरी गोष्ट वारा. गोंडोलाचा दुसरा टप्पा वाऱ्यानं बंद पडतो, बर्फ कितीही असो. अंदाजात वर वारा जोराचा दाखवत असेल तर त्या दिवसाचं दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढू नका.

आणि शेवटी, तिथं पोचल्यावर फोन खिशात ठेवून वर बघा. आम्ही होतो तेव्हा एका रात्री चंद्राला मोठं खळं पडलं होतं, आपल्याकडं म्हातारी माणसं खळं बघून पावसाचं सांगतात तसंच. चक्रावाताच्या पुढं उंचावरचे पातळ ढग येतात, त्यातल्या बर्फाच्या कणांनी ते खळं दिसतं. त्या रात्री थंडीही कमी वाटली, पांघरूण जड व्हायला लागलं. सकाळी उठून पडदा सरकवला तर समोरचं लाकडी कुंपण अर्धं बुडालेलं, कुंपणाच्या प्रत्येक खुंटावर वीतभर उंच पांढरी टोपी, आणि आवाज म्हणून काही नाही. मावसबहीण पाच मिनिटं काही बोललीच नाही.

४. बर्फाला वाफसा येऊ द्या

नुसता पडला म्हणजे झालं नाही. खाली जुना दबलेला थर पाहिजे, त्याला तिथं सगळे बेस म्हणतात. बेस नसताना वीतभर ताज्या बर्फावर स्की घातली तर खालचे दगड लागतात, स्कीचा तळ खरवडतो आणि दुकानदार भरपाई मागतो. हॉटेलवाल्याला "बर्फ है क्या" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. "बेस किती आहे, खालच्या उतारांवरच्या ड्रॅग लिफ्ट चालू आहेत का" असं विचारा (ड्रॅग लिफ्ट म्हणजे स्की घातलेल्या माणसाला उतारावरून वर ओढून नेणारी दोरी), आणि त्याच दिवशीचा व्हिडिओ मागा. जुना व्हिडिओ पाठवायची सवय असते, म्हणून व्हिडिओत आजची तारीख बोलायला सांगा. मी सांगितलं, त्यांनी हसून बोलून पाठवला.

नवशिक्याला गुडघाभर भुसभुशीत ताजा बर्फ नको असतो, रोलर फिरवून दाबलेला उतार पाहिजे. फोटोत भुसभुशीत छान दिसतो पण त्यात वळता येत नाही आणि पडलं की उठता येत नाही. मार्चमध्ये अजून एक, सकाळी बर्फ रात्रीच्या थंडीनं काचेसारखा कडक, दुपारनंतर उन्हानं पातळ चिखलासारखा. साधारण दहा ते एक ही वेळ चांगली.

५. पोचायचं कसं

आपल्या लोकांना सचखंड एक्सप्रेससारखी सोय नाही, नांदेडहून निघते, परभणी, सेलू, जालना, संभाजीनगर करत दिल्ली आणि पुढं अमृतसर. वाटेत लंगर मिळतो, डबा सोबत ठेवा म्हणजे वाढून घेता येतं. आम्ही दिल्लीला उतरून श्रीनगरचं विमान धरलं. आता ६ जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, साधारण तीन तासांत पोचवते, ३५९ मीटर उंच चिनाब पुलावरून जाते. जम्मू-श्रीनगर रस्ता दरड आणि बर्फानं कधीही बंद पडतो, त्यामुळं हिवाळ्यात रेल्वे बरी.

श्रीनगर ते गुलमर्ग ५० किलोमीटर, पण शेवटचे १३ किलोमीटर, तंगमर्गपासून वर, हा खरा घाट. ताजा बर्फ असला की चाकांना साखळ्या नसलेली गाडी वर सोडत नाहीत. श्रीनगरहून गाडी ठरवतानाच "वरपर्यंत का तंगमर्गपर्यंत, साखळ्या आहेत का, दुसरी गाडी करावी लागली तर पैसे कोणाचे" हे तिन्ही प्रश्न विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आम्ही पहिल्या वेळी विचारलं नव्हतं आणि तंगमर्गला अर्ध्या रस्त्यात सामानासकट उतरवलं.

६. कपडे: कापूस घरी ठेवा

आपण कापसाच्या पट्ट्यातली माणसं, अंगात कॉटन घालायची सवय, पण बर्फात कॉटन घालू नका म्हणजे नका. घाम येतो, कापूस तो पिऊन घेतो आणि थांबलात की तोच घाम गार होऊन अंग कापायला लागतं. बनियन, टी-शर्ट, जीन्स, मोजे, काहीच कॉटनचं नको.

- आत: थर्मल, लोकरीचं किंवा सिंथेटिक, दोन जोड
- मध्ये: फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर
- वर: पाणी न शिरणारं जॅकेट आणि पॅंट. पॅंट तिथं भाड्यानं मिळते, विकत घ्यायची गरज नाही
- हातमोजे: वॉटरप्रूफ, आणि दुसरा जोड लागतोच, पहिला जोड दुपारपर्यंत ओला होतो
- मोजे: लोकरीचे, उंच, एका वेळी एकच जोड
- गॉगल, कानटोपी, गळ्याला बफ (नळीसारखा रुमाल)
- एसपीएफ ५० सनस्क्रीन आणि ओठांना बाम

सनस्क्रीन वाचून हसू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, वरून आणि खालून दोन्हीकडून ऊन लागतं. आमच्या मावसबहिणीनं हनुवटीच्या खाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला लावलं नव्हतं, नेमकं तिथंच सोललं. डोळ्यांचं तर त्याहून वाईट, गॉगल न लावता दिवसभर राहिलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि उघडता येत नाहीत.

७. कागदपत्रं आणि बाकी सोबतचं

- मूळ आधार कार्ड, झेरॉक्स वेगळी. गोंडोलाच्या तिकिटालाही ओळखपत्र लागतं
- गोंडोलाचं तिकीट ऑनलाईन, जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या साईटवरून. रांगेत "मी काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका
- कोर्स असेल तर डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणि पासपोर्ट साईज फोटो
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, पण त्यात "साहसी खेळ वगळले आहेत" अशी ओळ आहे का ते बारीक अक्षरात बघा, बहुतेक साध्या पॉलिसीत ती असते
- पोस्टपेड सिम. बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. दोघांत एक तरी पोस्टपेड पाहिजे, नाहीतर घरचे इकडं काळजीनं अर्धे होतील
- रोख पैसे, पॉवर बँक. थंडीत बॅटरी पटकन उतरते, फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा

बीपी, दमा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. आणि पोचल्याच्या दिवशी थेट ३९५० मीटरवर जाऊ नका, डोकं धरतं.

८. महिनाभर आधी पाय तयार करा

स्कीइंगमध्ये सगळा भार मांड्यांवर येतो. मी रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचे, सुरुवातीला वीस सेकंदात पाय थरथरायचे, महिन्यानं दीड मिनिट जमायला लागलं. रविवारी आम्ही देवगिरी किल्ला चढायचो, आणि चढण्यापेक्षा उतरण्यावर लक्ष द्यायचो, सावकाश, गुडघे थोडे वाकवून. ज्यांना किल्ला लांब पडतो त्यांनी घराचा जिना घ्यावा. याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचाच नाही.

९. भाड्याचं सामान: सगळा खेळ बुटाचा

स्की, काठ्या, बूट, हेल्मेट भाड्यानं मिळतं. स्कीची उंची नवशिक्याला हनुवटी ते नाकाच्या मध्ये. लांब स्की "चांगली आहे" म्हणून देतात, घेऊ नका.

बूट मात्र अर्धा तास लागला तरी नीट बघून घ्या. प्लास्टिकचा जड बूट, समोर चार बकलं. उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे पुढं वाकवले की बोटं मागं सरकून हलायला जागा झाली पाहिजे. टाच मात्र अजिबात उचलली जायला नको. आणि सगळ्यात मोठी चूक, थर्मलची पॅंट बुटात खोचणे. मी पहिल्या दिवशी खोचली, तिची घडी नडगीवर आली आणि दोन तासांत तिथं लाल वळ उठला, पाऊल टाकताना डोळ्यात पाणी येत होतं. इन्स्ट्रक्टरनं बूट काढायला लावला, पॅंट गुडघ्याखाली वर सरकवली, मोजा सरळ केला, नडगीला फक्त मोजा लागेल असं करून बूट परत चढवला आणि दुखणं जवळजवळ थांबलं. एवढी छोटी गोष्ट, पण तिच्यामुळं लोक पहिल्याच दिवशी स्कीइंग सोडून देतात.

स्कीच्या पकडीला बाइंडिंग म्हणतात, पडलं की ती सुटली पाहिजे नाहीतर गुडघा जातो. दुकानदाराला वजन खरं सांगा आणि "बिगिनर" म्हणून सांगा, त्यावरून तो स्क्रू लावतो. इथं लाजून वजन कमी सांगू नका.

भाडं आणि इन्स्ट्रक्टर यांचे पैसे आधी ठरवा, दिवसाचे किती तास, किती माणसांना एक इन्स्ट्रक्टर. दोघींना एक हे चांगलं पडतं.

१०. उतारावर पहिले तीन दिवस

- बुटाच्या तळाचा बर्फ काठीनं खरवडून काढा, मग आधी चवडा अडकवा, मग टाच दाबा. बर्फ चिकटलेला असला तर बाइंडिंग बसत नाही आणि माणूस उगाच जोर लावत राहतो
- स्की उताराला आडव्या ठेवूनच उभं राहा. खाली तोंड केलं की त्या निघाल्याच
- थांबायचं कसं ते आधी शिका: पुढची टोकं जवळ, मागची लांब, त्रिकोण करायचा आणि टाचा बाहेर ढकलायच्या. याला स्नोप्लाऊ म्हणतात, तिकडं सगळे पिझ्झा म्हणून ओरडतात
- नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली, गुडघे वाकलेले, हात पुढं, पाहुण्यांना चहाचा ट्रे नेतो तसे
- भीती वाटली की माणूस मागं झुकतो आणि मागं झुकलं की स्की जास्तच पळतात. भीती वाटेल तेव्हा पुढं वाका. हे वाचून पटत नाही, तिथं दोनदा पडलं की पटतं
- पडणारच असं वाटलं तर बाजूला, चढाच्या अंगाला बसा. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि आपल्या खालच्या बाजूला आणा, मग हातानं रेटून उठा
- तुमच्या खाली, म्हणजे पुढं असलेल्या माणसाचा हक्क पहिला. त्याला चुकवायची जबाबदारी वरून येणाऱ्याची

पहिला दिवस पडण्यात जातो, दुसरा अंग दुखण्यात, तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक जमतं. माझं असंच झालं. त्यामुळं दोन दिवसांसाठी जाऊ नका, किमान चार दिवस प्रत्यक्ष उतारावर धरा.

११. हिमस्खलन: इथं कोणाचंही ऐकू नका

बर्फ पडून गेला, आभाळ निळंभोर झालं, की सगळ्यांना वर जावंसं वाटतं. नेमके बर्फ पडल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे असतात, कारण नवा थर जुन्यावर अजून बसलेला नसतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर तो सगळाच्या सगळा घसरून येतो. गुलमर्गला १ फेब्रुवारी २०२३ ला दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर गेला. ही अनुभवी माणसं होती.

चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचा इशारा काढते, जिल्हावार, १ ते ५ पातळीचा. ३ असला तरी आखलेल्या उताराबाहेर पाऊल नाही. गाडलेल्या माणसाला वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात, ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं सोबत असलेल्या आणि ते वापरता येणाऱ्या लोकांनाच ते जमतं, आपल्याला नाही. कोणी "मॅडम, मागच्या बाजूनं नेतो, मस्त बर्फ आहे" म्हणाला तर सरळ नाही म्हणा, तो कितीही गोड बोलो.

१२. खोलीतला धोका

गॅसचा हिटर किंवा कोळशाची शेगडी पेटवून खोली गच्च बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो, काश्मीरमध्ये हिवाळ्यात अशा बातम्या येतात. खोली बुक करतानाच इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का विचारा, झोपताना हिटर बंद, खिडकीला बोटभर फट.

१३. परतीला एक दिवस मोकळा ठेवा

जो चक्रावात तुम्हाला बर्फ देतो तोच तुमचं विमान अडवतो. श्रीनगरला बर्फ किंवा धुकं असलं की विमानं रद्द होतात, त्यामुळं परतीच्या विमानानंतर लगेच त्याच दिवशीचं दिल्लीहून सचखंडचं तिकीट काढू नका, मध्ये एक अख्खा दिवस ठेवा. शक्य असेल तर शेवटची रात्र गुलमर्गला न राहता श्रीनगरला राहा, घाट बंद पडायची भीती तरी जाते.

आमचं विमान एक दिवस पुढं गेलं. हॉटेलच्या खिडकीत बसून मी आण्णांना फोन लावला, म्हटलं इकडं आभाळ गच्च भरलंय, उद्या निघू. ते म्हणाले, "इकडंबी सकाळपासून ढग यायलेत गं, थंडी पळाली." हरभरा काढून शेतात ढीग लावलेला होता. मी म्हटलं, आण्णा, ताडपत्री टाकून घ्या. ते म्हणाले, तुझा फोन यायच्या आधीच टाकलीय.